मटकीचे मोड आणि बुरशीचे नाव

आषाढ लागला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या घरांना एक ओला वास येऊ लागतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी आणि वरून चार महिन्यांचा पाऊस. पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटते, कपाटातल्या चामडी चपलांवर पांढुरकी साय धरते. नेमके याच दिवसांत आपल्या घरांतून उपवास सर्वाधिक असतात. आषाढी एकादशी, मग चातुर्मास, श्रावणातले सोमवार आणि शनिवार. खिचडीत, वरीच्या तांदळाबरोबरच्या आमटीत, काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट पडते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांत आपण सर्वांत अधिक शेंगदाणे खातो. या योगायोगाकडे माझेही लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले माझ्या आत्यामुळे.

आत्या डोंबिवलीला राहते. वय ८२. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत राहिलेली. घरातले धान्य निवडण्याचे काम मात्र तिने अद्याप कोणाच्या हाती दिलेले नाही. गेल्या वर्षी एकादशीच्या आदल्या दिवशी तिने निवडून ठेवलेल्या शेंगदाण्यांत तिच्या सुनेला काही सुरकुतलेले, हिरवट धूळ धरलेले दाणे दिसले. सुनेचे म्हणणे, सगळा डबा टाकून द्यावा. आत्याचे म्हणणे, किलोभर दाणे कोणी टाकते का? चार वाईट निघतील ते काढू, उरलेले खरपूस भाजू. भाजल्यावर कसली बुरशी राहते? दोघींनी मला दूरध्वनी केला, कारण मी आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. आत्याचा प्रश्न सरळ होता : “ही बुरशी विषारी की साधी, एवढे तू बघून सांग.”

बघून सांगता येत नाही, हे तिला पटवणे मला जड गेले. आपल्यालाही कदाचित जड जाईल, म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

दाणा म्हणजे जिवंत बी. शेतातून घरी येताना ते एकटे येत नाही. त्याच्या सालीवर, सालीच्या आत, क्वचित थेट अंकुरापर्यंत बुरशीचे सूक्ष्म तंतू आणि बीजाणू वस्तीला असतात. काही बुरशी उभ्या पिकातच दाण्यात शिरतात. फ्युजॅरियम, कर्व्ह्युलेरिया, अल्टर्नेरिया ही त्यांतली नेहमीची नावे. काही कोठारात, पोत्यात, डब्यात ओल मिळाली की वाढतात. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम ही घराणी त्यांतली. भुईमुगाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या शेंगा मातीतच पोसतात आणि ॲस्परजिलस मातीतच राहते. त्यामुळे शेवटच्या दिवसांत पिकाला पाण्याचा ताण पडला, शेंग तडकली किंवा किडीने पोखरली, तर पोत्यात पडण्यापूर्वीच दाण्यात बुरशीचा शिरकाव झालेला असतो. दाणा कोरडा राहिला तर ही वस्ती झोपून असते. तेव्हा वरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही. दिसते ते ओल लागल्यावर, आणि तेव्हाही दिसतो तो केवळ एक रंग.

मग प्रयोगशाळेत नाव कसे शोधतात? वाचकहो, या प्रयोगाचा अर्धा भाग आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मटकी भिजवून ओल्या फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. कधी उकाड्यात पुरचुंडी अधिक वेळ राहिली, तर काही दाण्यांना मोडाऐवजी मिशा फुटतात, बुळबुळीतपणा येतो आणि आंबूस दर्प सुटतो. उबेत आणि ओलीत बी जसे जागे होते, तशी त्यावरची बुरशीही जागी होते. बीजपरीक्षेची टीपकागद पद्धत ती हीच. काचेच्या झाकणाच्या बशीत टीपकागदाचे ओले थर घालतात आणि त्यावर दाणे एकमेकांना न टेकता मांडतात. लहान दाणे असतील तर एका बशीत २५ : कडेने १५, आतल्या फेऱ्यात ९ आणि मधोमध १. शेंगदाण्यासारखा मोठा दाणा असेल तर दहाच. रोज बारा तास प्रकाश आणि बारा तास अंधार, तापमान साधारण २० ते २५ अंश, मुदत सात दिवस. बियाण्याच्या अधिकृत परीक्षेत असे ४०० दाणे तपासण्याचा प्रघात आहे, कारण दहा-वीस दाण्यांवरून पोत्याचा न्याय करणे म्हणजे एका शितावरून पंगतीचा न्याय करण्यासारखे. ती म्हण भातापुरती खरी आहे. बुरशीच्या बाबतीत ती फसवते, आणि का फसवते ते पुढे येईलच.

दुसरी पद्धत आगरची. २०० ग्रॅम बटाटा उकडून त्याचे पाणी गाळायचे, त्यात २० ग्रॅम ग्लुकोज आणि २० ग्रॅम आगर घालून एक लिटर पाक करायचा, प्रेशर कुकरच्या थोरल्या भावात तो १२१ अंशांवर पंधरा मिनिटे निर्जंतुक करायचा आणि बशीत ओतून थिजू द्यायचा. आगर म्हणजे आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच. जेली घट्ट करायचा हा पदार्थ प्रयोगशाळेत आणला तो एका गृहिणीने. १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांची जिलेटिनची माध्यमे उन्हाळ्यात वितळून जात. त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी आपल्या मुरंब्या-जेलीतले आगर वापरून पाहायला सुचवले. ज्युलिअस पेट्री यांची झाकणाची बशी त्यानंतरची, १८८७ ची. आजही जगभरची प्रयोगशाळा या दोन वस्तूंवर चालते, पण बशीला पेट्रीचे नाव मिळाले आणि आगरला फॅनीबाईंचे मिळाले नाही, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

आगरवर ठेवण्यापूर्वी दाणे सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात क्षणभर बुडवून धुतात. त्यामुळे सालीवर योगायोगाने बसलेले बीजाणू मरतात आणि मग जे उगवते ते दाण्याच्या आतून आलेले असते. पाहुणा कोण आणि बिऱ्हाडकरू कोण, हा भेद अशा रीतीने होतो.

आत्याच्या डब्यातले दाणे मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेत नेले. चांगले दिसणारेही नेले आणि वाईट दिसणारेही. विद्यार्थ्यांना शिकवताना जे हजारदा पाहिले होते, ते घरच्या दाण्यांवर पाहताना मन थोडे धास्तावले होते, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशीच एका बशीत राखाडी कापसाचा ढग उठला आणि झाकणाला टेकला. त्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. ही रायझोपस, शिळ्या पावावरही येते ती. ती इतक्या वेगाने पसरते की शेजारच्या हळू वाढणाऱ्या बुरशी तिच्याखाली गडप होतात. म्हणून परीक्षक तिच्यावर नेहमी वैतागलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही दाण्यांवर पांढरी लव आली आणि पाहता पाहता तिच्यावर काजळासारखी काळी भुकटी धरली : ॲस्परजिलस नायगर. एका दाण्याभोवती निळसर हिरवी, पांढऱ्या काठाची, मंद गतीची मखमल होती. ती पेनिसिलियम, जिच्या घराण्याने आपल्याला पेनिसिलिन दिले. आणि सहा-सात दाण्यांवर पोपटी, पिवळट हिरवी भुकटी. त्यांतले दोन दाणे मी ‘चांगले’ म्हणून वेगळे ठेवलेल्यांपैकी होते.

रंगावरून मी नावे सांगितली खरी, पण शास्त्रात रंग हा केवळ इशारा असतो. सुईच्या टोकाने बुरशीचा कण उचलून काचपट्टीवर निळ्या रंगद्रव्यात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहतात. बीजाणू धरलेले नसतील तर नाव ठरत नाही. बारा तासांच्या प्रकाशाचा खटाटोप त्यासाठीच असतो. प्रकाशाने अनेक बुरशी फळाला येतात. ॲस्परजिलसचा देठ वर जाऊन फुगतो आणि त्या गोळ्यावर बीजाणूंच्या माळा चहूकडे उभ्या राहतात. कदंबाचे फूल आठवावे. पेनिसिलियमचा दिसतो कुंचला. फ्युजॅरियमचे मोठे बीजाणू विळ्याच्या पात्यासारखे, कर्व्ह्युलेरियाचे मध्येच एक पेशी फुगून वाकलेले, अल्टर्नेरियाचे आडव्या-उभ्या भिंतींनी विटांच्या बांधकामासारखे. पोपटी बुरशीची आम्ही आणखी एक परीक्षा केली. तिच्यासाठी बनवलेल्या खास माध्यमावर ती वाढली की बशीच्या तळाशी दोन दिवसांत झगझगीत नारिंगी रंग येतो. तो आला. नाव निश्चित झाले : ॲस्परजिलस फ्लेव्हस.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. मुंबई इलाख्यातल्या बुरशींची मोठी यादी उप्पल, पटेल आणि कामत या तिघा शास्त्रज्ञांनी १९३५ साली प्रसिद्ध केली होती. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संवर्धन-संग्रह आहे. तिथे या बुरशी नावनिशीवार जिवंत राखून ठेवल्या जातात. तीच गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेत सांगायची तर काळ्या पडलेल्या ज्वारीची सांगावी. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले. लवकर तयार होणारे आणि भरघोस. पण लवकर तयार होणे म्हणजे कणसे पावसातच सापडणे, आणि भिजलेल्या कणसांवर फ्युजॅरियम व कर्व्ह्युलेरिया यांची काळी-गुलाबी झाक धरणे. रब्बीची मालदांडी कोरड्या हवेत पिकते म्हणून टपोरी, मोत्यासारखी राहते. आपल्यापैकी ज्या कोणी त्या काळात रेशनवरची काळसर ज्वारी पाहिली असेल, त्यांना मालदांडीच्या भाकरीचा हट्ट केवळ चवीचा नव्हता हे उमगेल. बाजरीच्या अरगटाचीही अशीच कथा. त्या बुरशीच्या काळपट गाठी दाण्यांबरोबर दळल्या गेल्या, तर मळमळ, उलट्या आणि भोवळ येते. जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी साथ आल्याची नोंद १९५८ च्या वैद्यकीय नियतकालिकात आहे. तरी अरगट बरा म्हणायचा. त्याच्या गाठी डोळ्यांना दिसतात आणि मिठाच्या दाट पाण्यात वर तरंगतात.

फ्लेव्हसचे तसे नाही.

नाव सापडले म्हणजे उत्तर मिळाले, असा माझ्या आत्याचा समज होता. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांचाही असे. खरे तर नाव हे अर्धेच उत्तर आहे. ॲस्परजिलस फ्लेव्हस ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करू शकते, पण तिचा प्रत्येक वाण ते करतोच असे नाही. म्हणजे बशीत फ्लेव्हस उगवली तरी दाण्यात विष असेलच असे नव्हे. आणि याच्या उलटची गोष्ट अधिक काळजीची आहे : बशीत काहीही उगवले नाही, तरी दाणा निर्विष असेलच असे नव्हे. कारण उष्णतेने बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेले विष मागे उरते. ॲफ्लाटॉक्सिन पुरते विघटित व्हायला २३० अंशांहून अधिक तापमान लागते. आपल्या कढईत दाणे भाजताना त्याचा काही भाग कमी होतो, सगळा जात नाही. आत्याचे ‘भाजल्यावर कसली बुरशी राहते’ हे म्हणणे शब्दशः खरे होते. बुरशी राहत नाही. विष राहते. त्याला रंग नाही, चव नाही. खवट लागणारा दाणा तेल जुने झाल्याने खवट लागतो, तो निराळा दोष. विषाची मोजणी निराळ्या रासायनिक परीक्षेने करावी लागते.

हे विष जगाला कळले ते १९६० साली, इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी काही महिन्यांत मेले तेव्हा. कारण निघाले त्यांच्या खाद्यातली भुईमुगाची पेंड. आपल्याकडचा धडा १९७४ चा आहे आणि तो आपल्या शेजारचाच आहे. राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल या आदिवासी भागांत त्या वर्षी मक्याचे पीक पावसात भिजले. तोच मका साठवला गेला आणि तोच रोजचे अन्न झाला. लोकांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी भरू लागले. गावातली कुत्रीही त्याच दुखण्याने मरू लागली, कारण तीही तेच खात होती. ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. मक्यात फ्लेव्हस सापडली आणि किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम ॲफ्लाटॉक्सिन. आज भारतात धान्यांसाठी व कडधान्यांसाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. त्या मक्यातले प्रमाण तिच्या कित्येक शे पट, वाईटात वाईट नमुन्यात हजार पट होते.

हा आकडा भीती घालण्यासाठी दिलेला नाही. बांसवाड्यातले लोक तोच मका जवळजवळ महिनाभर रोज खात होते, कारण त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते. आपल्या घरात खिचडीतून एखादा वाईट दाणा पोटात गेला म्हणून तशी कावीळ होत नाही. आपला धोका संथ आहे. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे यकृतावर काम करते. कर्करोगाला निश्चित कारण होणाऱ्या पदार्थांत ॲफ्लाटॉक्सिनची गणना आहे, आणि ज्याच्या रक्तात ब-प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे त्याच्या बाबतीत दोन्हींचा मिळून परिणाम पुष्कळ वाढतो. घरात यकृताचा विकार असलेली वडीलधारी व्यक्ती असेल, तर दाण्यांबाबत काटेकोर राहणे हा कजागपणा नव्हे.

आता शितावरून भाताची म्हण का फसवते ते सांगते. ॲफ्लाटॉक्सिन डब्यात सारखे पसरलेले नसते. शेकडो दाणे निर्दोष असतात आणि एखाद्याच दाण्यात जबरदस्त साठा असतो. म्हणून थोडे दाणे तपासून सगळ्यांचा निर्वाळा देता येत नाही. पण याच कारणाने हाताने निवडणे हा फार परिणामकारक उपाय ठरतो. सुरकुतलेला, काळपट, हिरवट, भोक पडलेला, फुटका दाणा बाजूला काढला, की विषाचा बहुतांश वाटा त्याच्याबरोबर जातो. शेंगदाण्यांच्या कारखान्यांतही रंगावरून दाणे वेगळे काढणारी यंत्रे हेच काम करतात. कूट केल्यावर मात्र काही उरत नाही. तो एक दाणा सगळ्या कुटात मिसळून जातो. म्हणून तयार कूट विकत आणू नये, एवढे माझे स्पष्ट मत आहे. आणि दृश्य बुरशी डब्यात जागोजागी दिसत असेल, दाणे एकमेकांना चिकटले असतील, तर निवडत बसू नये, सगळे टाकावे. आत्याच्या त्या डब्याचे आम्ही तेच केले. तिथे सून बरोबर होती.

पण एकूण वादात आत्याही बरोबर होती, कारण निवडणे हेच खरे औषध होते. दोष होता तो डोळ्यांचा आणि उजेडाचा. मोतीबिंदूत निळे-हिरवे रंग मंदावतात, पिवळसर झाक सगळ्यावर पसरते. नेमका पोपटी ठिपका त्यातच हरवतो. तिच्या बैठकीच्या खोलीतला दिवाही पिवळा आणि मागून येणारा. काळजी घेणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की अशा वेळी आजींच्या हातातून ताट काढून घेऊ नका. ‘आई, तुम्हांला दिसत नाही, राहू द्या’ हे वाक्य दाण्यांपेक्षा अधिक काही काढून घेते. खिडकीशी खुर्ची ठेवा, पांढरा दिवा समोरून येऊ द्या, काळ्या किंवा गडद ताटात सोललेले दाणे आणि पांढऱ्या ताटात सालासकट दाणे घ्या. शेवटचा एक हात नातवंडाने फिरवावा.

साठवणुकीचे थोडे. पूर्वी एप्रिल-मेमध्ये वर्षाचे धान्य भरताना ते गच्चीवर खडखडीत वाळवले जाई. घोडबंदरच्या किंवा कल्याणच्या उंच इमारतीत गच्चीला कुलूप असते आणि उन्हाची एखादीच तिरीप घरात येते. तिथे वर्षाचे शेंगदाणे भरण्याचा आग्रह सोडावा. पावसाळ्यात पाव किलो, अर्धा किलो आणावे आणि हवाबंद बरणीत, शक्यतो शीतकपाटात ठेवावे. भाजलेले दाणे पुरते गार झाल्याशिवाय झाकण लावू नये, नाहीतर त्यांचीच वाफ झाकणाला धरते आणि आत पावसाळा सुरू होतो. बाहेरच्या भिंतीला, जिथे ओल येते, तिथे धान्याचा डबा टेकवू नये.

आणखी एक. बुरशी आली का हे पाहण्यासाठी डब्यात नाक खुपसून वास घेण्याची आपली सवय दमा असलेल्यांना आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना महागात पडू शकते, कारण एका श्वासात असंख्य बीजाणू आत जातात. डबा दूर धरून, नाकावर रुमाल घेऊन रिकामा करावा. हा लेख वाचून कोणी घरी टीपकागदावर सात दिवस बुरशी वाढवू नये, हेही त्याच कारणाने. २०२१ साली म्युकरमायकोसिसची साथ होती तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यावरची काळी भुकटी म्हणजेच ‘काळी बुरशी’, असे निरोप मोबाईलवरून फिरत होते आणि घाबरून कांदे टाकले जात होते. कांद्यावर असते ती बहुधा ॲस्परजिलस नायगर. म्युकरमायकोसिस देणारी रायझोपसची मंडळी निराळी, आणि ती काळीही नसतात. काळा पडतो तो रुग्णाचा मृत झालेला भाग. रंगावरून नाव ठेवण्याचा हा परिणाम.

यंदा एकादशीच्या आधी मी आत्याकडे गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली. मांडीवर काळे ताट, शेजारी पणती. अर्ध्या किलोतून अकरा दाणे काढून तिने वाटीत ठेवले होते आणि नेहमीच्या सवयीने विचारले, “हे पाखरांना घालू का गं?” मी तिला टर्की पक्ष्यांची गोष्ट सांगितली. गाईला घातले तर हेच विष थोडे रूप बदलून दुधात उतरते, हेही सांगितले. तिने क्षणभर वाटीकडे पाहिले, मग दाणे कागदात गुंडाळून पणतीच्या हाती दिले आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितले. कबुतरांसाठी तिने वेगळी मूठभर ज्वारी काढली होती. तीही पणतीने आधी दिव्याखाली धरून पाहिली.